करार मागणी

पुणे, ६ ऑक्टोबर २०२५

ती. रुपालीताई,

नमस्कार तुला, भाऊजींना आणि तुमच्या घरातल्या फोनच्या स्पीकरला. त्या स्पीकरपायीच हे पत्र लिहितो आहे. मागच्या वेळी मी तुझ्याशी बोलत होतो आणि मधेच भाऊजींनी, त्यांच्या भाच्याने आणि शेजारच्या काकूंनी मला पाठदुखीवर उपाय सांगितले. तेव्हा यापुढे जे काही असेल ते टपालाने. अमरावतीला पत्र पोचायला जेवढे दिवस लागतात, तेवढे दिवस तरी माझं खासगी खासगी राहील.

खबर अशी की शनिवार पेठेतल्या ज्या नाट्यगृहाचा मी व्यवस्थापक आहे, त्याच्यावर सरकारची कृपा झाली आहे. सार्वजनिक इमारतींनी वीज कमी जाळावी म्हणून एक कार्यक्रम निघाला आहे. आधी तपासणी, मग सुधारणा, आणि आकडे चांगले आले तर दारावर लावायला ताऱ्यांची पाटी. तपासणीसाठी हिंजवडीच्या एका कंपनीतून सौरभ नावाचे गृहस्थ आले आहेत. चाळिशीला टेकले असतील, पण पाठीवर शाळकरी पोरासारखी पिशवी. आल्या आल्या त्यांनी एसी चोवीसवर आणून ठेवला. मध्यंतरात पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मला बोलावून विचारलं, "व्यवस्थापक, प्रयोग रंगायला हवा की वाफवायला?" मी त्यांना हिंजवडीचा पत्ता दिला.

स्वच्छतागृहात आणि आमच्या कचेरीत हालचाल ओळखणारे दिवे बसवले आहेत. माणूस हलला नाही की दिवा जातो. मध्यंतरात आत गेलेले प्रेक्षक अंधारात हात हलवत बसतात. याला सुधारणा म्हणायचं.

आणि या सगळ्याचं आमच्या हिशेब विभागातल्या प्रियदर्शनीबाईंना कोण कौतुक! अहवाल मराठीत हवा अशी अट आहे, आणि सौरभरावांचं मराठी रिक्षावाल्याशी बोलण्यापुरतं. त्यामुळे बाई त्यांना शब्द पुरवतात. चार वर्षं त्या दुपारचा चहा माझ्या टेबलाशी घ्यायच्या. हल्ली त्यांच्या लॅपटॉपशी घेतात. परवा त्यांनी घरून अळूवड्या आणल्या होत्या. डबा आधी तिकडे गेला, मग माझ्याकडे आला, तेव्हा त्यात दोन तुकडे आणि तेल होतं. मला त्याचं काही नाही. गार अळूवडी मला तशीही आवडत नाही. सरकारी वेळ वाया जातो, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुझा,
दत्तप्रसाद

अमरावती, ११ ऑक्टोबर

चि. दत्ता,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. विजेबद्दल लिहितोस म्हणतोस आणि पत्रभर बाई काय करते, बाई कुठे बसते, बाईच्या डब्यात काय होतं. मला वाटलं होतं ही प्रियदर्शनी म्हणजे कोणी निवृत्तीला आलेली मावशी असेल. वय काय तिचं? लग्न झालेलं नसणार, नाहीतर तू तिच्या नवऱ्याबद्दल एखादा टोमणा मारला असतास.

मी तुला इकडची चार स्थळं सुचवली. एकीचं नाक, दुसरीचं अक्षर, तिसरीच्या गावात पाणी नाही, चौथीचं काय तर तिला नाटक आवडत नाही. आता कळलं काहून ते. चार वर्षं चहा पाजलास आणि एकदाही मला बोलला नाहीस. तिला तरी बोललास का?

त्रेचाळीस वर्षांचा झालास बापा. अळूवडीवर रुसायचं वय राहिलं का तुझं? त्या माणसापायी तुझा जळफळाट होतो आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, माणसाचा होतो. पण जळत बसण्यापेक्षा एक दिवस तिला फिरायला ने आणि सरळ विचार. नाही म्हणाली तर नाही.

भाऊबीजेला ये. काही बोलायचं असेल तर ह्यांना देवळात पाठवते.

तुझी,
ताई

पुणे, १७ ऑक्टोबर

ताई,

भाऊबीजेला येणार नाही. सणाचे प्रयोग आहेत असं सगळ्यांना सांग. खरं कारण तुला सांगतो, कारण आता लपवण्यासारखं उरलेलं नाही. तू म्हणालीस तो जळफळाटच आहे. मी जेवतो तेव्हा तो शेजारी बसलेला असतो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी विचारायचं ठरवलं होतं. प्रियदर्शनी सदतीस वर्षांची आहे. वडिलांचं करण्यात तिचं लग्न राहून गेलं. मी कधी विचारलं नाही, कारण रोज दुपारी ती येतच होती. येणाऱ्या माणसाला काय विचारायचं, असं वाटायचं. म्हटलं आज चहाला बोलावू. तर दोघं गच्चीवर. छताला पांढरा रंग दिला की खालची खोली थंड राहते म्हणे, ते बघायला. अर्धा तास रंग बघत होते. मी जिन्याखाली उभा राहून त्यांचं हसणं ऐकलं. रंगात हसण्यासारखं काय असतं? दुसऱ्या दिवशी मी जिन्यावर पाटी लावली, 'तपासणीच्या निमित्ताने गच्चीवर रेंगाळु नये. व्यवस्थापक.' दुपारी बघतो तर 'रेंगाळु' असं लिहिलेलं कोणीतरी लाल पेनने दीर्घ करून ठेवलेलं. अक्षर तिचंच. तिला राग आला असता तरी चाललं असतं, तिने शुद्धलेखन बघितलं.

काल जे झालं ते ऐक. एसीची जुनी नळकांडी काढल्यामुळे माझ्या कचेरीच्या आणि हिशेब विभागाच्या मधल्या भिंतीला भोक पडलं आहे. मी माझ्या खुर्चीत होतो. पलीकडून तो म्हणाला, "मॅडम, मग मी मागणी घालतो. मंडेला?"

ती हसली आणि म्हणाली, "घाला की. इतकी वर्षं आम्हीच आकडा मोठा धरून बसलो होतो. झेपण्यासारखा धरला असता तर कधीच सुटलो असतो. आता आमच्याकडून नकार येणार नाही."

"आणि इंगोले सर?" म्हणजे मी.

"त्यांना मी नंतर सांगेन. आधी कळलं तर फाटे फोडतील."

मागणी, ताई. मागणी घालतोय तो. आणि ती 'घाला की' म्हणते, भाजीत मीठ घाला म्हणावं तशी. आकडा मोठा धरला होता म्हणजे अपेक्षा मोठ्या होत्या, आता हा चालेल. मला वाटायचं, बाई अपेक्षा ठेवणारी आहे, आपण कुठे पुरे पडणार! तिने अपेक्षा खाली आणल्या त्यासुद्धा दुसऱ्यासाठी. मी इतका वेळ न हलता बसलो की माझा दिवा गेला. त्या यंत्राने मला माणसात धरलंच नाही.

फोन करू नकोस. दिवाळीभर बंद ठेवणार आहे.

दत्ता

अमरावती, २२ ऑक्टोबर

दत्ता,

आधी हे वाच, मग बाकीचं. काहीही करू नकोस. कोणाला काही बोलू नकोस.

तुझं पत्र मी ह्यांना दाखवलं. माफ कर, पण बरं झालं दाखवलं. जन्मभर वीज कंपनीत नोकरी केलेला माणूस. 'मागणी घालतो' पर्यंत गंभीर होते, 'आकडा मोठा धरला होता' ला चिवडा घशात अडकेपर्यंत हसले. मी पाठीत धपाटे घातले तेव्हा बोलते झाले.

अरे, मोठ्या इमारतीला वीज कंपनीशी करार करावा लागतो, की आम्हाला एका वेळी जास्तीत जास्त इतकी वीज लागेल. त्याला करार मागणी म्हणतात. तुमच्या नाट्यगृहाने कधीतरी ती फार मोठी सांगून ठेवली असणार. तेवढी वीज लागत नाही, पण तिचा आकार दरमहा भरावा लागतो. वापर कमी झाला की मागणी कमी करून घेण्याचा अर्ज करतात. तोच अर्ज ते दोघं करत आहेत. हे म्हणतात, तुझ्या विजेच्या बिलावर हा शब्द दर महिन्याला छापून येतो. तू व्यवस्थापक आहेस ना रे? बिल कधी वाचलंस का?

आणि तो हिंजवडीचा माणूस 'अर्ज करतो' न म्हणता 'मागणी घालतो' म्हणाला, कारण त्याला मराठी येत नाही असं तूच लिहिलं आहेस. म्हणून ती हसली असेल.

तेव्हा कोणी कोणाला मागणी घातलेली नाही. मैदान मोकळं आहे. फोन लावला तर बंद. दिवाळीत टपाल रखडतं, म्हणून हे आजच पेटीत टाकायला ह्यांना धाडते आहे. हे पत्र हातात पडलं की त्याच दिवशी तिला विचार.

ताई

पुणे, २५ ऑक्टोबर

ताई,

तुझ्याकडून काही आलं नाही. ठीक आहे, तूही काय लिहिणार? मी जे करायचं ते करून मोकळा झालो आणि मला वाटतं शोभेल असं केलं.

काल कचेरी उघडली. सौरभ फराळाचा डबा घेऊन आला, तिच्यासाठी. मी म्हटलं, हे असं चोरून चाललेलं मला बघायचं नाही. त्याला उपाहारगृहात नेलं, कॉफी मागवली आणि म्हटलं, "मागणी घालताय म्हणे. अहो, मग भिंतीआडून कशाला? राजरोस घाला. त्या हो म्हणणार आहेत, मी माझ्या कानांनी ऐकलं आहे."

त्याने कप बशीत ठेवायचा तो टेबलावर ठेवला. म्हणाला, "सर, त्या… असं म्हणाल्या? माझ्याबद्दल?"

नाटक बघून बघून माझे केस पिकले, पण इतका चांगला अभिनय मी क्वचित पाहिला. कानापर्यंत लाल झाला होता. म्हणाला, "मला वाटलं नव्हतं की त्यांना कळलं असेल. मी कधी बोललोच नाही."

मग मात्र मला राहवलं नाही. दीड महिन्यापूर्वी आलेला माणूस तिला नेणार, आणि तिला ओळखतो तरी का हा? त्याला जागा दाखवावी असं वाटलं. मी विचारलं, "त्यांना काय आवडतं, ठाऊक आहे तुम्हाला?" नव्हतं. मग मीच सांगितलं. ती रागावली की चष्मा पुसते, तेव्हा बोलायचं नाही, पुसून झाला की बोलायचं. बसमध्ये गप्पा मारलेल्या तिला चालत नाहीत, खिडकी हवी. धायरीला घराच्या एक थांबा आधी उतरते, कारण तिथे पिंपळाखाली तिला दोन मिनिटं कोणीही हाक मारत नाही. पेढे नकोत, अंजीर बर्फी. वडील, नाना, उजव्या कानाने ऐकतात, तेव्हा त्या बाजूला बसायचं, आधी त्यांच्या गुडघ्याचं विचारायचं, मग बुद्धिबळाचं, आणि मग कामाचं. तिला थेट विचारलं तर ती 'नानांचं काय' म्हणून नाही म्हणेल. म्हणून नाना आपल्याबरोबरच राहतील हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

सांगत गेलो आणि मलाच कळेना की थांबायचं कुठे. तो वहीत लिहून घेत होता! शेवटी हात जोडून म्हणाला, "सर, तुम्ही देवमाणूस आहात." मी कॉफीचं बिल दिलं. त्याला कळलं असेल की तिला कोण जास्त ओळखतं.

आता फोन चालू केला आहे, पण करू नकोस.

दत्ता

पुणे, ३० ऑक्टोबर

ताई,

तुझं बावीस तारखेचं पत्र काल मिळालं.

ते हातात घेऊनच मी हिशेब विभागात गेलो. ती रजेवर होती. टेबलावर माझ्या सहीसाठी कागद ठेवलेला, 'करार मागणी कमी करणेबाबत'. विषय असा जाड अक्षरात. मी सही केली. दुसरं काय करणार होतो?

आज ती आली. मी विचारलं, "ती मागणी म्हणजे विजेची मागणी ना?"

"मग आणखी कसली?" म्हणाली, आणि मग तिला एकदम काहीतरी उमगलं. चष्मा काढून पुसायला लागली. मी थांबलो. पुसून झाल्यावर म्हणाली, "सौरभ परवा घरी आले होते. नानांच्या उजवीकडे बसले. गुडघ्याची चौकशी केली, एक डाव खेळले, आणि मग म्हणाले की नाना आपल्याबरोबरच राहतील. इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं माझ्याशी. मी हो म्हटलं."

मी म्हटलं, "अभिनंदन."

"मी त्यांना विचारलं, हे सगळं तुम्हाला कोणी सांगितलं? तर म्हणाले, इंगोले सरांनी. पिंपळाचंसुद्धा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढं सगळं ठाऊक होतं तुम्हाला?"

मी सही केलेला कागद तिच्यापुढे सरकवला. ती थोडा वेळ थांबली, मग फोन वाजला आणि तिने उचलला.

मला त्याचा मत्सर वाटतो, ताई. त्याने काही चोरलं असतं तर शिवी तरी देता आली असती. मी त्याला बसवून, कॉफी पाजून, वहीत लिहू दिलं आणि तरी मला त्याचा मत्सर वाटतो. तिच्या घरात तो माझी वाक्यं बोलला. आणि ती वाक्यं चांगली होती, हे मला आत्ता कळतं आहे.

दत्ता

अमरावती, ४ नोव्हेंबर

दत्ता,

तुझं पंचवीसचं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला होता आणि तीसचं वाचून रडले. हेही हसले नाहीत, हे मुद्दाम सांगते.

पण एक गोष्ट तुझ्या डोक्यात शिरलेली दिसत नाही. ती 'एवढं सगळं ठाऊक होतं तुम्हाला?' असं म्हणाली आणि थांबली. बाई उगीच थांबत नाही. ती तुला एक संधी देत होती, आणि तू तिथेही पाटी लावल्यासारखा उभा राहिलास.

हो म्हणाली म्हणजे अक्षता पडल्या नाहीत अजून. सौरभ भला माणूस दिसतो, त्याला वाईट वाटेल, पण जन्मभर कुढण्यापेक्षा हे बरं. धायरीला जा. सगळं खरं सांग, भोक पडलेल्या भिंतीपासून. ती नाही म्हणाली तर मी तुला पुन्हा कधी या विषयावर काही बोलणार नाही. पण विचारल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस.

तुझी,
ताई

पुणे, १२ नोव्हेंबर

ताई,

गेलो होतो. रविवारी सकाळी, अंजीर बर्फी घेऊन. बसमध्ये वाक्यं जुळवली. सुरुवात 'माझी एक चूक झाली' अशी करायची होती.

दार नानांनी उघडलं. मला बघून इतके आनंदले की माझा हात सोडेनात. "या, या, तुम्हालाच बोलावणार होतो," म्हणाले. "सौरभरावांनी सगळं सांगितलं हो. तुम्ही नसता तर हे जुळलंच नसतं." आतून प्रियदर्शनी पाण्याचा पेला घेऊन आली आणि समोर बसली. मी म्हटलं, मला थोडं बोलायचं आहे. डाव्या बाजूला बसलो होतो, त्यामुळे नानांना ते ऐकूच गेलं नाही. तिला गेलं. ती माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात नाना म्हणाले, "तीस नोव्हेंबरचा मुहूर्त धरला आहे. आता एक अडचण आहे, आणि ती तुम्हीच सोडवायची. हिला सख्खा मामा नाही. चुलत होता, तो गेला. मुलीला मांडवात घेऊन कोण येणार आणि अंतरपाटाशी हिच्या पाठीशी उभं कोण राहणार? मी हिला म्हटलं, रक्ताचं नसलं म्हणून काय झालं? जो माणूस हिचं भलं व्हावं म्हणून एवढं करतो, तोच मामा."

मी तिच्याकडे पाहिलं. वाटलं, ही नाही म्हणेल. 'नाना, काहीतरीच काय, ते माझ्याच वयाचे आहेत,' असं म्हणेल, हसेल, विषय बदलेल. मग मी बोलेन. मी वाट पाहिली, ताई. ती पण वाट पाहत होती, असं मला आता वाटतं. तिने चष्मा काढला, पण पुसला नाही, हातात धरून बसली. नानांनी पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्याने, "राहाल ना उभे?"

मी हो म्हटलं.

तिने चष्मा घातला आणि चहा टाकायला उठली.

तेव्हा मी विचारलं नाही, आणि तरी पत्र लिहितो आहे. रागावून झालं की ये. तू आणि भाऊजी दोघंही या, मला मांडवात माझं कोणीतरी हवं आहे. नवा सदरा नानांनीच शिवायला टाकला आहे, मामाचा मान म्हणून. नाट्यगृहाला चार तारे मिळाले. पाटी पुढच्या आठवड्यात लागेल. सौरभ म्हणतो पाचवाही मिळाला असता, मी एसी चोरून वीसवर नेत नसतो तर.

मामाने कुठे उभं राहायचं ते मी गुरुजींना विचारून घेतलं. नवरीच्या अगदी मागे. मंगलाष्टकं संपून अंतरपाट बाजूला झाला की तिथून तिचा चेहरा दिसत नाही. त्याचा पूर्ण दिसतो.

तुझा,
दत्ता